अप्पांच्या डाव्या हाताची नोंद

माझ्या थोरल्या भावाबद्दल कुणी बोलायला लागलं की मी आधी गप्प बसून ऐकून घेते. त्याने कंपवातावर उभं आयुष्य घातलं. मेंदूतलं काहीतरी हळूहळू झिजत जातं आणि माणसाचा हात त्याच्या ताब्यात राहत नाही, हे त्याने कितीतरी रोग्यांत पाहिलं, त्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवल्या. लोक त्याचं कौतुक करतात आणि ते त्यांनी करावंच. पण त्या नोंदींची खरी सुरुवात सोनपेठच्या आमच्या घरात एका चुकीच्या ओळीने झाली, हे कुणाला ठाऊक नसतं. मला ठाऊक आहे, कारण त्या ओळीवरून मीच त्याच्या अंगावर धावून गेले होते. शहाणपणाने नव्हे, रागाने.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमच्या अप्पांचं पेठेत कापडाचं दुकान होतं, दुकानामागे घर. मी पाथरीहून बाळंतपणाला माहेरी आले होते, लेक चांगला हसायला लागला तरी सासरी जायचं नाव काढत नव्हते. दादा हैदराबादेत डॉक्टर झाला होता आणि तिथल्याच एका दवाखान्यात लागला होता. तिकडे डॉक्टरीसुद्धा उर्दूतून शिकवत. त्यामुळे त्याच्या बोलण्यात उर्दू इतकी मिसळली होती की माय म्हणायची, “ह्यो घरात आला की मला कचेरीत उभं केल्यावानी वाटतंय.”

अप्पांचा डावा हात हलायला लागला त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. आधी नुसता अंगठा बोटांवर फिरायचा, भस्माची गोळी वळावी तसा. दुकानात गादीवर बसले की हात मांडीवर आणि अंगठ्याचं चालूच. गिऱ्हाइकांना वाटे, अप्पा मनातल्या मनात जप करतायत. अप्पांनी कुणाचा तो समज मोडला नाही. उलट एकदोन भाविक बायका त्यांना वाकून नमस्कार करून गेल्या तेव्हा ते मिशीत हसले होते. मग हळूहळू सगळा पंजाच हलायला लागला आणि हसणं बंद झालं. वैद्याने तेल दिलं, परभणीच्या हकीमसाहेबांनी गोड चाटण दिलं. तेलाने उशा खराब झाल्या, चाटण मी चोरून खाल्लं, हात हलायचा तो हलतच राहिला.

हात हलतो म्हणून कुणाचं अडत नाही. उजवा हात धड होता, कापड फाडणं, गज धरणं सगळं चालत होतं. अडलं ते पूजेत.

आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं. रोज आंघोळ झाली की चांदीच्या डबीतून ते काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि नजर लावून बसायचं. आमचा देव देव्हाऱ्यात नसतो, डाव्या हातात असतो. ज्याचं त्यानेच हाताळायचं, दुसऱ्याने बोटही लावायचं नाही. आणि जुनी माणसं असं मानत की लिंग हातून पडलं तर त्या माणसाने जगून काय करायचं? आता कुणी इतकं मानत नाही. अप्पा मानत होते.

एकदा भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, “ज्या दिवशी लिंग हातून पडलं, त्या दिवशी माजं अन्नपाणी सुटलं.”

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर आम्ही ‘काहीतरीच बोलू नका’ म्हणून सोडून दिलं असतं. पण अप्पा बोलले की बोलले. एका लग्नात चहावरून अपमान झाला म्हणून ‘चहा सोडला’ म्हणाले, त्यानंतर चहाचा थेंब घेतला नाही. मायच्या हातातलं वरण ताटाबाहेर सांडलं. तिने ते पुसलं. मठातल्या स्वामींना आम्ही मध्ये घातलं. त्यांनी परोपरीने समजावलं की शिव हात बघत नसतो, भाव बघतो. अप्पांनी पाया पडून सगळं ऐकलं आणि मनातलं मनात तसंच ठेवलं.

मग मायने आपला बंदोबस्त केला. पूजेला बसताना अप्पांच्या मांडीवर कापसाची उशी ठेवायची, उशीवर त्यांचं मनगट, आणि त्यांच्या तळहाताखाली स्वतःचा तळहात. लिंगाला हात लावायची बंदी, पण नवऱ्याच्या हाताला लावायची नाही ना! अप्पांना याची फार लाज वाटे. म्हणून वरून शाल पांघरायची. शालीतून त्यांचा पंजा तेवढा बाहेर दिसायचा, खालचं काही दिसायचं नाही. हात जास्त हलायला लागला तसा उशीखाली लोडही घातला. मी शेजारी बेलाची ताटली धरून बसायची. पूजा संपेपर्यंत आम्ही दोघी त्या हातावरची नजर काढत नसू. शिवाचं नाव तोंडात असायचं, पण डोळे हातावर. श्वास घ्यायचीसुद्धा भीती वाटायची.

अशात दादा लांबलचक रजा घेऊन घरी आला. रजा कसली, कामच घेऊन आला होता. त्याच्या गुरूंनी त्याला सांगितलं होतं की आपल्या मुलखात हातपाय थरथरणारी माणसं शोध, तपास आणि नोंद कर. अप्पांचा हात त्याने आदल्या खेपेलाही पाहिला होता, पण तेव्हा तो मुलगा म्हणून पाहिला होता. या वेळी दुकानात अप्पांसमोर बसून मनगट वाकवलं, कोपर ताणलं, बोटं मोजल्यासारखी दाबली आणि त्याचे डोळे असे चमकायला लागले की माझं डोकंच फिरलं.

“बाप हाय तुजा,” मी म्हटलं, “बाजारातलं खोंड न्हाई.”

“मुआयना करायलोय, तपासायलोय. असाच करतात.”

अप्पाच म्हणाले, “करू दे की. लय पैका घालून शिकिवलाय त्याला, निदान आपल्या घरी तरी दाखवू दे.”

मग तो गावोगाव हिंडायला लागला. कधी मोटारीने, कधी कुणाच्या बैलगाडीतून. झरीला गेला, पाथरीला माझ्या सासरी मुक्काम ठोकून आला, नदीकाठची खेडी पालथी घातली. संध्याकाळी ओट्यावर बसून तो आम्हाला सांगायचा. झरीचे एक म्हातारे शेतकरी होते. बाजेवर बसले की त्यांचा हात गुडघ्यावर सारखा फडफडायचा. पण दुधाचा पेला उचलला की हात शांत. पेला ओठापर्यंत जायचा, एक थेंब सांडायचा नाही. पेला खाली ठेवला, हात मांडीवर आला की पुन्हा सुरू. दादाने त्यांना पुन्हा पुन्हा पेला उचलायला लावला. शेवटी म्हातारे वैतागून म्हणाले म्हणे, “डाक्टर, दूध सपलं. आता हैदराबादहून म्हस आना.”

“आमचे उस्ताद हेच सांगतात,” दादा म्हणाला. “या मर्जात, या रोगात, हात निवांत पडला की हलतो, उचलला की थांबतो. निदान सुरुवातीची काही वर्षं तरी.”

अप्पा ऐकत होते. ते हळूच म्हणाले, “माजा न्हाई थांबत. पूजेत तर लयच हालतोय.”

दादाने मान वर केली. “मला बघू द्या.”

“पूजा काय तमाशा हाय का?” मी म्हटलं.

अप्पांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “ज्याच्या गळ्यात लिंग न्हाई त्यानं माज्या पूजेत बसायचं न्हाई. तुजं कुठं हाय?”

दादा खाली बघत म्हणाला, “पेटीत.”

“नातवाचं पाळण्याला बांधलंय, तुजं पेटीत हाय. नातू निदान लहान तरी हाय.”

मला हसू आवरलं नाही. दादा कानापर्यंत लाल झाला. पण दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, गळ्यात लिंग घालून तो देवघरात येऊन बसला. त्याने ते शिवासाठी घातलं होतं की आपल्या नोंदीसाठी, हे अप्पांना कळत नव्हतं असं नाही. त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते घातलेलं बघूनच बरं वाटलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या कपाळाला भस्म लावलं.

दादा अप्पांच्या समोर बसला. शाल नेहमीसारखी पांघरलेली होती, पंजा बाहेर, पंज्यावर काळंभोर लिंग. हात हलायला लागला. त्या दिवशी तर फारच हलला. लिंग तळहाताच्या कडेला सरकलं, मायचे ओठ पांढरे पडले, अप्पांनी उजवा हात आडवा धरून कसंबसं ते सावरलं आणि पूजा अर्ध्यातच आटोपली. दादाने तिथे काही लिहिलं नाही एवढी अक्कल त्याला होती. बाहेर आल्यावर मात्र खांबाला टेकून उर्दूत, उजवीकडून डावीकडे भराभरा लिहीत सुटला.

दुपारी मी परसात लंगोट वाळत घालत होते. तो येऊन उभा राहिला.

“अप्पांचा मर्ज वेगळा हाय,” तो म्हणाला. “उचललेला हातसुद्धा थांबत नाही. मी सगळ्यांचं ताडून पाहिलं, असा एकही नाही. म्हणजे आत झीज लय पुढं गेलीय. मला वाटतंय, थोड्याच दिवसांत त्या हातात काही राहायचं नाही.”

मी लंगोट पिळतच राहिले. त्या हातात काही राहायचं नाही म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. त्याच्या आवाजात दुःख होतं, मी खोटं कशाला बोलू? पण दुःखासोबत थोडं आणखी काहीतरी होतं. नवीन काहीतरी सापडल्याचं. ते मला सहन झालं नाही.

“काय लिवलंस तू?” मी विचारलं.

“उचललेला हात हलतो, असं लिवलं.”

“उचललेला कुठला रे, भाड्या? खाली उशी हाय, उशीखाली लोड हाय, त्यात मायनं खालून हात धरलाय. सा म्हैने झालं, त्या मानसाचा हात कुनी उचलू दिलाय का? आन् तू म्हनं डाक्टर! तुज्या मर्जात घाल तुजी वही!”

मला त्याला लागेल असं बोलायचं होतं, म्हणून बोलले. त्यात काही सुचवत होते असं अजिबात नाही. पण दादाचा चेहरा बघता बघता बदलला. “शालीखाली?” एवढंच तो म्हणाला आणि धावत देवघरात गेला. मी हात पुसत मागे गेले तर तो ती उशी दाबून बघत होता, जशी काही तीच आजारी होती. मग स्वतः मांडी घालून बसला, उशीवर मनगट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

“निवांत,” तो स्वतःशीच म्हणाला. “हात निवांत पडलाय. आपण त्याला निवांत केलाय.”

मला तेव्हा समजलं नाही. त्यानेच समजावलं, आणि समजल्यावर मी तिथेच भिंतीला टेकून बसले. झरीच्या म्हाताऱ्याचा हात मांडीवर हलायचा आणि पेला उचलला की थांबायचा. अप्पांचा हातही तसाच होता. पण आम्ही त्याच्या खाली उशी घातली, उशीखाली लोड घातला, मायने आपला हात घातला, आणि त्या हाताला उचलायचं कामच ठेवलं नाही. पूजेतही तो मांडीवर पडल्यासारखाच पडून होता आणि पडलेला हात हलणारच. तो हलला की आम्ही आणखी आधार द्यायचो. आधार दिला की तो आणखी हलायचा. त्यात आम्ही सगळे डोळे फाडून बघत बसायचो, आणि माणूस घाबरला की ही थरथर वाढते, हेही दादाच्या नोंदींत जागोजागी होतं. सहा महिने आम्ही मायेनेच त्यांचा हात हलवत होतो.

दादाने ती ओळ खोडली. माझ्यासमोर खोडली.

आता अवघड काम पुढेच होतं. उशी काढायची हे अप्पांना आणि हात काढायचा हे मायला सांगायचं कुणी? जेवणं झाल्यावर दादाने सगळं सांगितलं. मध्ये उर्दू शब्द आला की स्वतःच थांबून मराठी शब्द शोधत होता. अप्पांनी ऐकून घेतलं, ताटलीतली सुपारी उचलली, डाव्या तळहातावर ठेवली आणि हात समोर उचलून धरला. खाली काही नाही, कुणी नाही. बोटं जराशी फुरफुरली आणि थांबली. सुपारी जागची हलली नाही. काही वेळाने हात पुन्हा किंचित फुरफुरला, तेव्हा अप्पांनी तो थोडा वर नेला. तो परत शांत झाला.

मी टाळीच वाजवणार होते. पण अप्पांनी सुपारी तोंडात टाकली. “सुपारी पडली तर दुसरी घेता येतीय,” ते म्हणाले. “म्हनून हात भ्यायला न्हाई.”

माय दादाला म्हणाली, “मी हात काढला आन् पडलं, तर ह्यांचं अन्नपानी सुटतंय. तू लिहून दे मला, न्हाई पडायचं म्हनून.”

मला वाटलं, दादा आता म्हणेल, हो, देतो लिहून. एवढा शिकलेला, एवढा ताठ. पण तो म्हणाला, “न्हाई देऊ शकत, माय. झरीच्या बाबांचं मी देईन, बाकीच्यांचंही देईन. अप्पांच्या हाताचं मला माहीत न्हाई. एवढंच माहीत हाय की आधार ठेवला तर हालणारच हाय.” आणि बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. मोठा झाल्यापासून त्याला रडताना मी तेव्हाच पाहिलं. मला त्याची इतकी माया आली की दुपारच्या शिव्या परत घ्याव्याशा वाटल्या.

अप्पा म्हणाले, “उद्या उशी नगं.”

सकाळी आम्ही चौघं देवघरात बसलो. लेक बाहेर पाळण्यात झोपला होता. शाल नव्हती, उशी नव्हती. उघडा हात मांडीवर सपासप हलत होता, लपवायला काही उरलं नव्हतं. दादाने गळ्यात लिंग घातलं होतं. नोंदीची वही बाहेर ठेवून आला होता, पण त्याची नजर त्याच हातावर खिळली होती, वही नसली तरी तो मनात लिहितच होता. मायने दोन्ही हात आपल्या मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवून धरले होते, नखं पांढरी पडेपर्यंत.

अप्पांनी उजव्या हाताने डबी उघडली आणि लिंग अजून बाहेर काढायच्या आधी आमच्याकडे पाहिलं.

“डोळे मिटा,” ते म्हणाले. “समद्यांनी.” मग दादाकडे वळून म्हणाले, “तूबी.”

दादाने तोंड उघडलं. ज्याच्यासाठी तो गावोगाव वणवण फिरला होता, ते समोर घडणार होतं, आणि त्यालाच बघू नको म्हणत होते. मग त्याने तोंड मिटलं आणि डोळेही मिटले. मायने मिटले. मीही मिटले, पण मला लहानपणापासून कुणी काही करू नको म्हटलं की ते केल्याशिवाय राहवत नाही. मी पापण्यांच्या फटीतून बघत राहिले.

लिंग तळहातावर आलं. हात उचलला. तो उचलताना हलला, आणि लिंगही हललं. मायचा हात नकळत सुटून अर्धा पुढे आला. डोळे मिटलेलेच होते तिचे, हात मात्र आपोआप आला होता. मग तिचा तिनेच तो मागे ओढून घेतला. त्यापेक्षा अवघड काही मी कुणाला करताना पाहिलेलं नाही.

आणि अप्पांचा हात थांबला.

एकदम नाही, हळूहळू, जत्रेतला पाळणा थांबावा तसा. त्यांनी पाणी घातलं, भस्म लावलं, बेलाचं पान ठेवलं. ते पान जरासुद्धा सरकलं नाही. मध्ये एकदा बोटं फुरफुरायला लागली तेव्हा त्यांनी हात थोडा वर, कपाळाजवळ नेला आणि तो पुन्हा शांत झाला. अप्पांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. किती वेळ ते तसे बसले होते, मला सांगता येणार नाही. दादालाही सांगता येणार नाही. त्याच्या एवढ्या नोंदींत त्या सकाळची नोंद कोरी आहे, आणि पुढे तो कितीही मोठा झाला तरी ती त्याने माझ्याकडून ऐकून भरली नाही. स्वतः पाहिलं नाही ते लिहायचं नाही, असं म्हणायचा. म्हणून मी लिहून ठेवते आहे.

अप्पांनी लिंग डबीत ठेवलं, डबी गळ्यात घातली, आणि म्हणाले, “उघडा.”

आम्ही डोळे उघडले. दादाने आधी अप्पांच्या गळ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. अप्पांचा डावा हात काम संपवून मांडीवर येऊन पडला होता आणि पडल्या पडल्या पुन्हा हलायला लागला होता, आधीसारखाच. माय त्याच्याकडे बघत होती. तिचे हात अजून एकमेकांत तसेच अडकलेले होते, सोडवायचं तिला सुचलंच नव्हतं.

अप्पांनी तो हलता हात उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

“घे,” ते म्हणाले. “आता धर.”